आंबोलीच्या डोंगरात तंबूत राहून मुलाबाळांसह काय पाहावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे तंबूत राहायला येणारी बहुतेक मंडळी घरच्यांना घेऊन येतात. फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. अंतरं आंबोली गावापासून धरली आहेत आणि वेळ सांगताना घाटातली वळणं, धुकं, रस्त्यात उभी असलेली गुरं हे सगळं जमेस धरलं आहे.

आंबोली नक्की कोकणात येते की घाटावर?

सरकारी दप्तराप्रमाणे कोकणात. जिल्हा सिंधुदुर्ग, तालुका सावंतवाडी. पण गाव आहे सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर. इथल्या पाण्यालाही दोन वाटा आहेत. कड्यावरून पश्चिमेला कोसळणारं पाणी अरबी समुद्राला मिळतं. गावाजवळच उगम पावणारी हिरण्यकेशी मात्र पूर्वेला वळते, घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. मुलांना नकाशा काढून दाखवा, त्यांना हे फार आवडतं.

भूगोल आधी सांगण्याचं कारण असं की सहलीची आखणी त्यावरच ठरते. माथ्यावरची ठिकाणं एका दिवसाला, घाटाखालची दुसऱ्या दिवसाला. सकाळी माथ्यावर कावळेसाद, दुपारी समुद्रकाठी शिरोडा, संध्याकाळी परत वर असा बेत आखलेल्या घरातली मुलं गाडीतच ओकून हैराण होतात आणि त्यांना धड काहीच बघायला मिळत नाही. एका दिवशी एकच दिशा धरा, हा आमचा आग्रह आहे.

यायचं कसं?

रेल्वेने आलात तर कोकण रेल्वेचं सावंतवाडी रोड स्थानक सोयीचं. तिथून सावंतवाडी शहर आणि पुढे दाणोलीमार्गे घाट चढून आंबोली. शहरापासून अंतर साधारण ३० किलोमीटर, वेळ तासभर. एसटी आहे, पण सामान आणि लहान मूल दोन्ही असेल तर गाडी ठरवलेली बरी. कोल्हापूरकडून येणारे आजऱ्यावरून येतात, त्यांना मोठा घाट लागतच नाही. विमानाने यायचं तर चिपी किंवा गोव्यातलं मोपा.

किती दिवस काढून यावं?

तीन रात्री. शनिवारी दुपारी येऊन रविवारी जेवून निघणारे बरेच असतात, आणि त्यांना दिसते ती धबधब्यावरची गर्दी. तीन रात्री असतील तर एक दिवस माथ्यावर, एक दिवस समुद्रावर, आणि मधला दिवस काहीच न ठरवता ठेवता येतो. मुलं त्या मोकळ्या दिवशीच सगळ्यात जास्त रमतात. ओहोळात दगडांचे बांध घालतात, खेकड्यांमागे धावतात, गोठ्यात जाऊन वासराला चारा घालतात. त्या दिवसावर कार्यक्रम लादू नका.

पावसाळ्यात लहान मुलांना घेऊन यायचं की नाही?

या, पण पाऊस म्हणजे काय ते समजून या. आंबोलीत वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. महाराष्ट्रात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या गावांपैकी हे एक. अरबी समुद्रावरून येणारे ढग या कड्याला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि इथेच रिते होतात. जुलैत कधी कधी सलग चार-पाच दिवस सूर्य दिसत नाही. कपडे वाळत नाहीत, चपलांना बुरशी येते, काडेपेटी ओढली तरी पेटत नाही.

पाच वर्षांखालचं मूल असेल तर आम्ही जूनचा मध्य किंवा सप्टेंबर सुचवतो. जूनच्या मध्याला पाऊस सुरू झालेला असतो, जंगल जागं झालेलं असतं, पण अजून उसंत मिळते. सप्टेंबरात सरी येऊन जातात आणि मधे लख्ख ऊन पडतं. जुलै-ऑगस्टमध्ये मोठ्या मुलांना जरूर आणा. आमचे पावसाळी तंबू पत्र्याच्या पडवीखाली, जमिनीपासून उंच केलेल्या फळ्यांवर असतात, त्यामुळे खालून पाणी शिरत नाही. तरी ओल ही असणारच.

छत्र्या आणू नका, इथल्या वाऱ्यात त्या टिकत नाहीत. रेनकोट, जास्तीचे मोजे आणि मुलांसाठी गमबूट आणा. जांभ्या दगडावर शेवाळ धरलं की साध्या चपलेने तोल सांभाळता येत नाही, म्हणून तळ खरबरीत असलेले बूट हवेतच.

मुख्य धबधब्यावर कधी जावं?

सकाळी सातला. घाटरस्त्याला लागूनच तो कोसळतो आणि वर जायला पायऱ्या आहेत. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी दहानंतर गाड्यांची रांग घाटात लांबवर जाते. सोमवार ते गुरुवार येऊ शकलात तर सगळ्यात चांगलं. पायऱ्यांवरून मुलाचा हात सोडू नका, आणि वरून दगड येऊ शकतात म्हणून कड्याला चिकटून भिजत बसू नका.

कावळेसाद पॉइंटवर मुलांना नेणं सुरक्षित आहे का?

कठड्याच्या आत राहिलात तर हो. गेळे गावच्या हद्दीतला हा कडा आहे. खाली सरळ दरी, समोर धुक्यात बुडालेली कोकणपट्टी. पावसात दरीतून वर येणारा वारा इतका जोराचा असतो की कड्यावरून पडणारं पाणी तो परत वर उडवतो आणि उभ्या माणसाला खालून पाऊस लागतो. मुलं आनंदाने ओरडतात, आणि मोठ्यांचं लक्ष फोटोकडे जातं ते याच वेळी. इथे जीव गेलेले आहेत. कठड्यावर चढणं, कठड्यापलीकडे उभं राहून फोटो काढणं, कडेला दारू पिणं, हे आमच्याबरोबर आलेल्या कोणाला आम्ही करू देत नाही. एक मोठं माणूस फक्त मुलांकडे लक्ष ठेवायला नेमा आणि त्याच्या हातात मोबाइल देऊ नका.

धुकं दाटलं असेल तर दहा पावलांवरचं दिसत नाही. अशा वेळी मागे फिरा, उद्या पुन्हा या.

आजी-आजोबांना चालवेल असं काय आहे?

हिरण्यकेशी. गावापासून पाचेक किलोमीटरवर, झाडीतून जाणारी सोपी वाट आणि शेवटी गुहेतून बाहेर येणारं गार, नितळ पाणी. तिथे महादेवाचं देऊळ आहे. याच उगमाच्या पाण्यात सापडलेल्या एका लहान माशाची २०२० साली नवी जात म्हणून नोंद झाली. त्याचं शास्त्रीय नाव शिस्टुरा हिरण्यकेशी. त्याच्या रक्षणासाठी महाराष्ट्र शासनाने २०२१ साली ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. देवस्थान असल्यामुळे इथलं पाणी आणि झाडी पूर्वापार जपली गेली, म्हणून तो मासा तगला. तेव्हा कुंडात साबण, शॅम्पू, निर्माल्याच्या पिशव्या काही नको. माशांना बिस्किटंही टाकू नका. काठावर पाचेक मिनिटं स्थिर बसलात तर मासे आपोआप दिसायला लागतात.

महादेवगड पॉइंटची वाटही फार चढणीची नाही, सूर्यास्ताची जागा तर रस्त्यालगतच आहे. पाऊस सरल्यावर, हवा स्वच्छ असेल त्या दिवशी, नारायणगडाचा सुळका आणि मनोहर-मनसंतोषगडाची जोडी ओळखता येते. नांगरतास धबधबा कठड्यामागून पाहायचा. काळ्या कातळात नांगराने चीर पाडावी तशी अरुंद, खोल घळ आहे आणि पाणी त्यात घुसतं. खाली उतरायचं नाही.

रात्रीची जंगलफेरी म्हणजे काय? मुलं घाबरत नाहीत का?

सुरुवातीला घाबरतात, मग परत यायला तयार होत नाहीत. आंबोलीला येऊन फक्त धबधबा बघून जाणाऱ्यांबद्दल आम्हाला मनापासून वाईट वाटतं, कारण इथलं खरं वैभव अंधार पडल्यावर आणि बहुतेक वेळा हाताच्या तळव्याएवढ्या जागेत दिसतं.

पहिल्या पावसानंतर सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, उथळ डबकी साचतात. त्यांत आंबोली टोड विणीसाठी येतो. जेमतेम अंगठ्याएवढा, कुशीवर पिवळसर पट्टे असलेला हा भेक जगात फक्त आंबोलीच्या परिसरात सापडतो. २००९ साली त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आणि तो नष्ट होण्याच्या काठावर असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. त्याची वीण पावसाळ्याच्या सुरुवातीच्या थोड्याच दिवसांत उरकते, आणि नेमकं तेव्हाच पर्यटकांच्या गाड्यांखाली तो चिरडला जातो. म्हणून जून-जुलैत रात्री गाडी काढू नका. काढावीच लागली तर अगदी सावकाश चालवा आणि रस्त्यावर काही उडी मारताना दिसलं तर थांबा.

पाण्यावर झुकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा लटकलेला दिसला तर ते मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. मादी मागच्या पायांनी फेस घुसळते आणि त्यात अंडी घालते. पिल्लं बाहेर पडली की टपाटप खालच्या पाण्यात पडतात. हा हिरवागार बेडूक पायांच्या बोटांमधले नारिंगी पडदे पसरून झाडावरून झाडाकडे तरंगत जातो. मोठ्या मुलांना हे सगळं एका फेरीत दिसेल असं नाही, पण घरटं बहुधा दिसतं.

झुडपात, साधारण कमरेच्या उंचीवर, मलबारी चापडा तासन्‌तास न हलता बसलेला असतो. हा विषारी साप हिरवा, तपकिरी, पिवळसर अशा वेगवेगळ्या रंगांत आढळतो. म्हणूनच वाटेत कोणीही फांदीला हात लावायचा नाही, हा फेरीचा पहिला नियम. ओल्या मातीत कधी देवगांडूळ दिसतं. ते गांडूळही नव्हे आणि सापही नव्हे. बेडकांचं पाय नसलेलं भावंड म्हणा. लोक साप समजून मारतात, ते थांबायला हवं.

आणि पाऊस चांगला मुरलेला असेल तर आम्ही एका ठिकाणी सगळ्यांच्या बॅटऱ्या विझवायला सांगतो. डोळे अंधाराला सरावायला काही मिनिटं लागतात. मग कुजलेल्या ओंडक्यांवर फिकट हिरवा उजेड दिसू लागतो. ती बुरशी असते, स्वतःच्या शरीरातल्या रसायनांमुळे उजळणारी. मोबाइलमध्ये तो उजेड नीट येत नाही, नुसता बघा.

फेरी गावातल्या जाणत्या वाटाड्याबरोबरच करायची. आठ वर्षांखालच्या मुलांसाठी आम्ही ती पाऊण तासाची आणि तंबूंच्या आसपासचीच ठेवतो. प्राणी पकडायचे नाहीत, फोटोसाठी जागचे हलवायचे नाहीत, तोंडावर फ्लॅश मारायचा नाही.

जळवा, गोचीड, साप यांचं काय?

जळू चावली तरी अपाय करत नाही. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो म्हणून जखम थोडा वेळ वाहते, एवढंच. नख कातडीलगत सरकवून तिचं तोंड सोडवा, जागा साबणाने धुवा. ओढून काढू नका.

गोचिडीबद्दल मात्र जपून राहा. दोडामार्ग आणि बांदा भागात २०१६ सालापासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार गोचिडीच्या चाव्यातून होतो आणि त्याचा जोर थंडी-उन्हाळ्यात असतो, पावसात नाही. जानेवारी ते मे या काळात घाटाखालच्या रानात जायचं तर अंगभर कपडे घाला, पालापाचोळ्यात बसू नका, आल्यावर मुलांचं अंग तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा.

साप चावला तर दोरी बांधणं, चिरा देणं, चोखणं यांतलं काही करायचं नाही. माणसाला शांत निजवा, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, दागिने काढा आणि १०८ ला फोन करा. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, सावंतवाडीत उपजिल्हा रुग्णालय. मंत्र घालणाऱ्याकडे वेळ दवडू नका.

पाऊस नसताना आंबोलीत काय असतं?

सप्टेंबर-ऑक्टोबरात चौकुळकडच्या सड्यांवर फुलं येतात. सोनकीची पिवळी, आणि ओलसर खडकात सीतेच्या आसवांची जांभळी-निळी. सीतेची आसवं ही कीटकभक्षी वनस्पती आहे. मातीत पोषण कमी, म्हणून जमिनीखालच्या बारीक पिशव्यांत ती सूक्ष्म जीव पकडते. मुलांना भिंग द्या आणि कडेकडेने चाला. फुलांवर बसून फोटो काढू नका.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथे थंडी चांगली पडते, आकाश मोकळं असतं, तारे बघायला सुरेख. शेकरू, धनेश दिसण्याची शक्यता याच दिवसांत जास्त, कारण धुकं नसतं. राणी पाकोळी हे मोठं काळं-निळं फुलपाखरू इथे पावसानंतर सहज दिसतं. तेच आपलं राज्य फुलपाखरू.

मे महिन्यात करवंदं, जांभळं, आणि महिनाअखेरीस काजवे.

आमच्या सर्वांत जवळचा समुद्र कोणता?

शिरोडा-वेळागर. सावंतवाडीवरून दीड-पावणेदोन तास. सुरूच्या बनातून किनाऱ्यावर उतरायचं. गर्दी मालवणपेक्षा कमी, वाळू स्वच्छ, सावली जवळ. लहान मुलं असलेल्यांना आम्ही हाच किनारा सांगतो.

शिरोड्याची मिठागरं मुलांना नक्की दाखवा. खाडीचं पाणी आगरात घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढून ढीग करायचे. फेब्रुवारी ते मे हा हंगाम. १९३० साली इथे मिठाचा सत्याग्रह झाला होता. शाळेतल्या धड्यात दांडी वाचलेल्या मुलांना आपल्याकडेही तसंच घडलं होतं हे इथे उभं राहून सांगता येतं. ज्ञानपीठ विजेते वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते, हेही सांगा.

तिथून वेंगुर्ल्याकडे निघालात की आरवलीला वेतोबाचं देऊळ लागतं. देव रात्री गावाच्या सीमेवर राखण करत फिरतो अशी श्रद्धा, म्हणून नवसाला त्याला चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात, केळ्यांचे घड वाहतात. त्या चपला पाहून मुलं शंभर प्रश्न विचारतात. रेडीचा द्विभुज गणपती आणि यशवंतगड दुसऱ्या बाजूला आहेत. वेळ उरला तरच जा.

पोहण्याबद्दल एकच सांगणं. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे पाण्यात उतरू नका, आणि पावसाळ्यात कुठेच उतरू नका. स्थानिक मच्छीमाराने नको म्हटलं तर तो शब्द शेवटचा.

सिंधुदुर्ग किल्ला एका दिवसात होईल का?

होईल, पण त्या दिवशी बाकी काही नको. आंबोलीहून मालवण सव्वादोन-अडीच तास. पहाटे निघालात तर ऊन चढण्याआधी होडीत बसता येतं.

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी केली आणि १६६७ पर्यंत तो उभा राहिला. किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा जिथे पूजा झाली, तो आधी पाहा. किल्ल्याचं महाद्वार लांबून दिसतच नाही, तट दोन्ही बाजूंनी वळवून आत घेतला आहे. होडी जवळ आल्यावर दार शोधायची पैज मुलांशी लावा. आत शिवराजेश्वराचं देऊळ आहे, राजाराम महाराजांनी बांधवलेलं. चुन्यात उमटलेले, शिवाजी महाराजांचे मानले जाणारे हाताचे आणि पायाचे ठसे घुमट्यांमध्ये जपले आहेत. आणि चारही बाजूंनी खारं पाणी असताना आत दूधविहीर, साखरविहीर, दहीविहीर या तीन विहिरी गोड्या पाण्याच्या. किल्ल्यावर आजही माणसं राहतात, त्यांच्या अंगणातून जाताना आवाज बेताचा ठेवा.

मेअखेरीस होड्या बंद होतात, त्या पावसाळा ओसरल्यावरच सुरू होतात. जुलैत किल्ला फक्त किनाऱ्यावरून दिसेल. तारकर्लीचं स्नॉर्केलिंगही हिवाळ्या-उन्हाळ्यातलंच, आणि पाणी नितळ असतं ते साधारण डिसेंबर-फेब्रुवारीत. लाइफ जॅकेट मुलाच्या मापाचं नसेल तर त्या होडीत बसू नका.

कासवाची पिल्लं समुद्रात जाताना पाहायला मिळतील का?

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, वेंगुर्ले तालुक्यातल्या वायंगणीच्या किनाऱ्यावर. ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालून जातात, एका घरट्यात शंभरेक. गावकरी ती कुंपणात राखतात आणि पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं निघाली की सकाळ-संध्याकाळी पाण्याकडे सोडतात. तारीख कोणीच आधी देऊ शकत नाही. आदल्या दिवशी गावात चौकशी करून निघा, आणि पिल्लांना हातात घ्यायला मागू नका.

सावंतवाडीत थांबण्यासारखं काय?

अर्धा दिवस सहज जातो. चितार आळीत लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत. भातुकली, भोवरे, बैलगाड्या आणि रंगवलेली लाकडी फळं, अगदी खरी वाटतील अशी. कारागीर काम करत असेल तर परवानगी घेऊन मुलांना थोडा वेळ बसवा. राजवाड्यात गंजिफा रंगवण्याचं काम चालतं. हे गोल पत्ते हाताने रंगवून त्यावर लाखेचा थर देतात. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० पत्ते. सावंतवाडीच्या राजघराण्याने ही मरत चाललेली कला पुन्हा उभी केली. संध्याकाळी मोती तलावाला एक फेरी मारा आणि दिवस मावळायच्या आत घाट चढायला लागा.

मुलांना दशावतार कळेल का?

कळेल, आणि जन्मभर लक्षात राहील. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात. सोनुर्लीच्या माउलीची लोटांगणाची जत्रा कार्तिकातली. रात्री पालखी देवळाभोवती फिरते, मग देवळाच्या आवारात नाटक उभं राहतं. आधी आडदशावतार, त्यात गणपती, सरस्वती, मग काळ्या वेषातला संकासुर. संकासुर येतो तेव्हा लहान पोरं आईच्या पदराआड जातात आणि लगेच हसायला लागतात. नंतर पुराणातलं आख्यान पहाटेपर्यंत. लिहिलेली संहिता नसते, कथा ठरलेली आणि संवाद तिथल्या तिथे रचलेले. पेटी, मृदंग, झांज. स्त्रियांची कामं पुरुषच करतात. मुलांना दुपारी झोपवून घ्या, बसायला चटई आणि अंगावर घ्यायला शाल आणा. खाजा आणि शेंगदाण्याचे लाडू जत्रेतच मिळतात.

जत्रेचे दिवस नसतील तर कुडाळजवळच्या पिंगुळीला जा. ठाकर समाजाने चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या आहेत. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचं संग्रहालय केलं. त्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आधी कळवून गेलात तर बाहुल्यांचा खेळही पाहता येतो.

गावातल्या देवळांत आणि राईत कसं वागावं?

सातेरीच्या देवळात गाभाऱ्यात वारूळ दिसलं तर गोंधळू नका, तीच देवी. देवाच्या राईतली सुकी काडीही गावकरी उचलत नाहीत, तुम्हीही उचलू नका. शेकोटीसाठी लाकडं आम्ही देतो. गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे मोठ्याने घातलेलं साकडं, चालू असेल तर बाजूला थांबा, चित्रण विचारूनच करा.

जेवायला काय मिळतं? मुलांना तिखट चालत नाही.

सकाळी घावणे आणि नारळाची चटणी, किंवा आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबार. दुपारी उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, पावसात टाकळा-कुरडूची भाजी. सागोती-वडे रविवारी. मासे घाटाखालून येतात, आले तर करतो. मुलांसाठी मऊ पेज आणि शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया आणि गूळ घातलेला नारळाचा रस. तिखट कमी करून देतो, आधी सांगा. रानातली अळंबी स्वतः तोडून आणू नका. विषारी कोणती ते आमच्या घरातल्या बायकाच ओळखतात.

मोबाइलला रेंज, पैसे, पेट्रोल?

रेंज येते-जाते, पावसात वीजही जाते. रोख रक्कम आणि पेट्रोल सावंतवाडीत किंवा आजऱ्यात भरून घ्या.

रात्री गाणी, स्पीकर चालेल का?

स्पीकर नाही. पेटी-तबला, भेंड्या, गोष्टी दहापर्यंत. शेजारी गवे चरायला येतात आणि शेजारच्या घरात पहाटे उठणारी माणसं आहेत. खाण्याचं काही तंबूत उघडं ठेवू नका, सकाळी माकडं येतात.

पाळलेला कुत्रा आणू का?

नको. बिबट्याचा वावर आहे.

निघताना काय घेऊन जावं?

मे महिन्यात आलात तर गावातल्या बायकांकडून आमसुलं आणि कोकमचं आगळ, फणसाची साठं. इतर वेळी कुळीथ, नाचणी, काजूगर. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती आमच्या भागात घरोघरी लावल्या आहेत, गर मोठा असतो. घाटातल्या टपरीपेक्षा थेट घरातून घेतलंत तर पैसे पिकवणाऱ्याच्या हातात जातात. कोणाकडे काय शिल्लक आहे ते निघायच्या आदल्या संध्याकाळी विचारा, आम्ही त्यांना कळवून ठेवतो.